आर्णीकर सरांचा गाळलेला धातू

दिग्रसच्या कापूस बाजारात एखाद्या हमालाच्या पायावर सरकीचं पोतं पडलं तर तो आधी "गच्छति!" म्हणून ओरडतो आणि मग पायाकडे पाहतो. परगावच्या माणसाला वाटतं, काय विद्वान गाव आहे, इथले हमालसुद्धा संस्कृत बोलतात. खरं म्हणजे ती तिथली शिवी आहे, आणि ती गावाला नीळकंठ आर्णीकर सरांनी दिली आहे. हे दुसरं कुणी नाही, सर स्वतःच सांगतात.

सर शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवायचे. वर्गात कुणाच्या तोंडून "आयला" किंवा "च्यायला" निघालं की सर त्याला बाकावर उभं करायचे आणि गम् धातू गच्छति-गच्छतः असा सगळ्या लकारांत म्हणायला लावायचे. काही वर्षांनी पोरांनी हिशेब सोपा केला. आधी शिवी द्यायची, मग गच्छति म्हणायचं, त्यापेक्षा सरळ गच्छतिच म्हटलेलं काय वाईट? राग तेवढाच निघतो आणि सरांना काही बोलता येत नाही. ती पोरं मोठी झाली, कुणी अडत्या झाला, कुणी एसटीत कंडक्टर, कुणी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. शब्द त्यांच्याबरोबर गावभर पसरला. "जन्मभर गवत उपटत बसलो," सर म्हणायचे, "आणि जाता जाता माझ्याच हाताने एक नवीन बी पेरून आलो."

अशा या सरांची एकुलती एक मुलगी प्राची फिजिओथेरपी शिकायला जर्मनीला गेली आणि तिने तिथे एका सर्बियन मुलाशी लग्न ठरवलं. मुलाचं नाव नेमान्या. सरांच्या पत्नी शीलाताईंनी फोनवर नाव ऐकलं आणि विचारलं, "नेमाने कामाला जातो ना? मग झालं." सरांनी मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलणं केलं नाही. लग्न बेलग्रेडला नोंदणी पद्धतीने होणार होतं, आणि नंतर हिवाळ्यात मुलाचे आईवडील दिग्रसला येऊन इथे स्वागत समारंभ व्हायचा होता.

सरांचा रुसवा गेला तो व्याकरणामुळे. व्याह्यांशी चार शब्द बोलता यावेत म्हणून त्यांनी मोबाईलवर सर्बियन शिकायला घेतली आणि तिसऱ्याच धड्याला खुर्चीतून उठले. "शीला, अगं ही माणसं मोडकं संस्कृत बोलतात! आपलं द्वि, त्रि, चत्वारि, त्यांचं द्वा, त्री, चेतिरी. आपली स्नुषा, त्यांची स्नाहा. देवर तर जसाच्या तसा देवेर!" मुलीचं लग्न त्यांना आता हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या नातेवाइकांची भेट वाटायला लागलं. होणाऱ्या व्याह्यांचं नाव ल्युबिशा. सरांनी त्यातून लुभ् धातू काढला. नभाचं त्यांच्याकडे 'नेबो' होतं. त्यावरून सरांनी स्वतःचा एक नियमच बसवला: जिथे आपला भ, तिथे त्यांचा ब. हा नियम त्यांनी दूधवाल्याला सांगितला, बँकेत सांगितला, न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसल्या बसल्या सांगितला. आपण आपल्याच गळ्यासाठी दोर वळतो आहोत हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं.

ल्युबिशा आणि गोर्दाना हे व्याही-विहीण प्राची-नेमान्याबरोबर डिसेंबरात आले. ल्युबिशा दारासारखा रुंद माणूस, पिकलेल्या मिशा, मोठं हसू. गाडीतून उतरून त्याने आपली बॅग ओढली आणि पहिल्याच पायरीवर तिचं चाक निघून गटारात गेलं. त्याने गटाराकडे पाहिलं, खांदे उडवले, दोन्ही तळवे वर केले आणि शांतपणे म्हणाला, "येबी गा."

फाटकाशी शेजारचा बबलू उभा होता. बबलू मांडववाला, पाहुणे कसे दिसतात ते पाहायला आला होता, पण आत यायला संकोचत होता. त्याने हे ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. आमच्याकडे 'तूही ये रे' म्हणायचं तर 'ये बी गा' असंच म्हणतात. फॉरेनचा माणूस वऱ्हाडीत बोलावतो आहे म्हटल्यावर बबलू चपला काढून थेट बैठकीत. मग चहा झाला, चिवडा झाला. चहा फार गोड होता. ल्युबिशाने एक घोट घेतला आणि पुन्हा तसेच खांदे उडवले. "येबी गा." बबलूने खिडकीतून आपल्या भावालाही हाक मारली. "चाल, तुले बी बोलावून राह्यले!"

दोन-तीन दिवसांत अर्धी गल्ली येऊन गेली. वीज गेली की ल्युबिशा म्हणे येबी गा, मच्छर चावला की येबी गा. आणि दर वेळी फाटकातून कुणी ना कुणी आत येई. गाव म्हणू लागलं, आर्णीकर सरांचे व्याही माणूस असावा तर असा.

सरांना अर्थात कळत होतं की हे वऱ्हाडी नव्हे. ते मोठ्या गंभीरपणे अर्थ लावत बसले. तळवे आकाशाकडे, चेहरा शांत, आवाजात वैराग्य. त्यांनी निष्कर्ष काढला की हे आपल्या 'तथास्तु'सारखं किंवा पत्राच्या शेवटी लिहितात त्या 'असो'सारखं काहीतरी असणार. जुन्या धर्माचा अवशेष असावा. ते स्वतःही म्हणू लागले. पूजा आटोपली की येबी गा. वर्तमानपत्र मिटताना येबी गा. प्राचीने एकदा दबक्या आवाजात सांगितलं, "बाबा, तो शब्द तुम्ही नका म्हणू."

"का? उच्चार चुकतो का?"

"उच्चार अगदी बरोबर आहे," प्राची म्हणाली आणि स्वयंपाकघरात पळाली. तिला खोकल्याची उबळ आली असावी असं सरांना वाटलं.

स्वागत समारंभ दारव्हा रोडवरच्या लॉनवर झाला. माइक हाती आला की सर सोडत नाहीत, हे गावाला माहीत आहे. त्यांनी द्वि-त्रि-चत्वारि सांगितलं, स्नुषा-स्नाहा सांगितलं, भ आणि ब सांगितलं. पाहुणे जेवणाच्या रांगेकडे पाहत होते. मग सरांनी आवाज चढवला. "आपल्या व्याह्यांनी या गावाला एक शब्द दिला आहे. त्यात वैराग्य आहे, आतिथ्य आहे, आणि त्यांच्या पूर्वजांची प्रार्थना आहे. सगळे माझ्यामागून म्हणा. येबी गा!"

मंडपाने एका आवाजात म्हटलं. सरांचं समाधान झालं नाही. "मागच्या खुर्च्यांचा आवाज येत नाही. बायकांनीही म्हणा!"

दुसऱ्या वेळी ते असं घुमलं की रस्त्यावरून जाणाऱ्या पुसद गाडीतल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. गोर्दानाबाईंच्या हातातून गुलाबजामची वाटी सुटली. नेमान्या टिळा लावलेलं कपाळ दोन्ही हातांत धरून बसला. आणि ल्युबिशा उभा राहिला, छातीवर हात ठेवला, सगळ्या मंडपाला वाकून नमस्कार केला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. सरांना वाटलं, देशाच्या आठवणीने गहिवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. नेमान्या वर आला. त्याची मराठी प्राचीकडून शिकलेली, नीटस, पण जपून पाय टाकणारी.

"बाबा, मला एक सांगायचं आहे. मी जावई आहे, मी सांगू नये. पण प्राची म्हणते तू सांग, आणि मी म्हणतो तू सांग. आम्ही नाणं उडवलं."

"बोला ना, जावईबापू."

"तो शब्द प्रार्थना नाही."

"मग?"

नेमान्याने तुळशीकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "आमच्याकडे एक क्रियापद आहे. चांगल्या घरात म्हणत नाहीत. म्हणजे सगळे म्हणतात, पण पाहुण्यांसमोर नाही. येबाती. त्याचं आज्ञार्थी रूप येबी. आणि गा म्हणजे त्याला."

"येबाती म्हणजे काय?"

नेमान्याचे कान लाल झाले. "नवरा-बायको जे करतात ते, बाबा. पण वाईट शब्दात."

सरांच्या हातातला तांब्या तसाच तिरका राहिला. पाणी तुळशीतून वाहून त्यांच्या पायावर आलं. लाज वाटायला अजून वेळ होता, कारण आधी व्याकरण जागं झालं. येबाती. त्यांचा ब म्हणजे आपला भ. येब्, यभ्. यभति!

ते तसेच ओल्या पायांनी खाली गेले आणि कपाटातून धातुपाठ, म्हणजे सगळ्या संस्कृत धातूंची यादी, काढला. रविवारी हौशी मुलांना ते धातुपाठ शिकवायचे, पण त्यातला एक धातू त्यांनी उभ्या हयातीत उच्चारला नव्हता. तो होता तिथेच होता. 'यभ मैथुने.' त्याच्या पुढचाच नम्, म्हणजे नमस्काराचा, आणि त्याच्या पुढचा गम्, ज्याने त्यांनी पिढ्यान् पिढ्या पोरांची तोंडं धुतली होती. एकदा वर्षा नावाच्या हुशार मुलीने विचारलंही होतं, "सर, नम्च्या आधीचा एक राहिला." सरांनी सांगितलं होतं, "ती छपाईची चूक आहे." आणि काल त्याच धातूचं आज्ञार्थी रूप त्यांनी माइकवरून सगळ्या गावाकडून घोकून घेतलं होतं. बायकांकडून तर दोनदा.

शीलाताईंना हे सांगणं भाग होतं. सरांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि ओट्याला धरून खाली बसल्या. हसता हसता त्यांचा अंबाडा सुटला. "अहो, मला चार दिवसांपासून संशय होता. गोर्दानाची पोळी करपली तेव्हा ती हेच म्हणाली. करपलेल्या पोळीला कुणी प्रार्थना म्हणतं का?"

"मग मला सांगायचं नाही?"

"तुम्ही इतके खूश होतात."

त्यानंतर दोन दिवस सर घराबाहेर पडले नाहीत. नेमान्यालाही आता संकोच उरला नव्हता. सर विचारतील ते तो सांगू लागला. त्यांच्याकडे रागावलेला माणूस समोरच्याच्या सूर्याला शिवी घालतो, किंवा आईला, पण बहुतेक वेळा वाक्य अर्धंच सोडतो. 'तुझ्या आईला' एवढंच म्हणायचं. पुढचं ऐकणाऱ्याने भरायचं. सर ताडकन उठले. च्यायला! तिथेही तेच. विभक्ती आहे, क्रियापद लुप्त. इतकी वर्षं आपण पोरांना ज्याबद्दल शिक्षा केली ते एक अपूर्ण वाक्य होतं, आणि पूर्ण कसं करायचं ते त्या पोरांना माहीतही नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, सर म्हणाले, म्हणजे वर्गात सगळ्यात घाणेरडा मीच होतो.

ल्युबिशाचं म्हणणं पडलं की हे सगळे शब्द तुर्कांनी आणले. सरांनी शोधून वाचलं, तर तसं काही निघेना. उलट रशियात सापडलेल्या शेकडो वर्षांपूर्वीच्या भूर्जपत्रांवर अशाच जातीचे शब्द कोरलेले होते. सरांना त्यात आपलं गाव दिसलं. दिग्रसचे लोक म्हणतात, शिव्या उमरखेडकडून आल्या, आणि उमरखेडचे म्हणतात, दिग्रसहून. आपल्या तोंडातली घाण कायम शेजाऱ्याची असते.

तिसऱ्या दिवशी बबलू बातमी घेऊन आला. "सर, अमरसिंगभाऊ अडत दुकानाले बोर्ड लावून राह्यला. व्याह्यांचा फोटो हाय त्याच्यावर. एकदा पाहून तर या!"

अमरसिंग राठोड सरांचा जुना विद्यार्थी. गच्छति सगळ्यात जास्त वेळा म्हणालेला. सर बाजारात पोचले तेव्हा दोघे जण शिडीवर चढून फ्लेक्स बांधत होते. ल्युबिशाचा हसरा चेहरा, बैलगाडीएवढा. शेजारी कापसाचं बोंड. खाली भल्या मोठ्या लाल अक्षरांत: 'कापूस घेऊन ये बी गा!'

"अमरसिंग, हा बोर्ड उतरव."

"काहून सर? शुद्धलेखन चुकलं का?"

"शुद्धलेखन चुकलं नाही. अर्थ चुकीचा आहे. म्हणजे त्यांच्या भाषेतला अर्थ."

"काय हाय त्यांच्या भाषेत?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. "तो एक भ्वादी गणातला धातू आहे."

"बरं."

"परस्मैपदी."

"बरं सर. पण म्हंजे काय?"

"मैथुन," सर पुटपुटले.

"मिथुन? रास का?"

मागे उभे असलेले हमाल जवळ सरकले. वजनकाट्यावरचा माणूस काटा सोडून आला. सर आणखी दोन पायऱ्या उतरले, 'समागम' म्हणाले, 'संबंध' म्हणाले; अमरसिंगला वाटलं, व्याह्यांशी संबंध बिघडले. त्याने हात जोडले. "सर, असं होते सोयरिकीत, मी बोलू का त्यायच्याशी?"

आणि मग सरांनी सांगितलं. ज्या शब्दात कापूस बाजारात म्हणतात, त्याच शब्दात, आज्ञार्थी, एकवचनी, कर्मासकट.

शिडीवरचे दोघे दोरी धरून तसेच थांबले. अमरसिंग तोंड उघडं टाकून पाहत राहिला. मग पुढे आला आणि त्याने सरांचे पाय धरले. "सर," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना. त्याचे खांदे गदगदत होते. "सर, तुमच्या तोंडून ऐकलं. आता मले कायचीच इच्छा राह्यली नाही."

हसण्याचा लोंढा ओसरायला बराच वेळ लागला. हमालांतला एक जण सरकीच्या ढिगावर आडवा झाला होता. सरही हसले. प्रथम चोरून, मग पोट धरून. नंतर ते सांगायचे की त्या हसण्यात त्यांचे दोन दात हलायला लागले.

डोळे पुसून अमरसिंगने मुद्द्याचं विचारलं. "पण सर, आपल्या भाषेत काही वाईट हाय का? आपल्याकडं ये बी गा म्हंजे तू बी ये. हाय का नाही?"

सर व्याकरणाचे. खोटं बोलता येईना. "शुद्ध आहे," ते म्हणाले.

"मंग राहू द्या नं."

बोर्ड राहिला. गोर्दानाबाईंनी त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि बेलग्रेडच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघे व्याही गच्चीवर बसले होते, मध्ये नेमान्या दुभाषा. सरांनी विचारलं की हा शब्द तुम्ही इतका का म्हणता. ल्युबिशाने चिवड्याची ताटली खाली ठेवली आणि सांगायला लागला. तो तरुणपणी ज्या कारखान्यात होता तो एका सकाळी बंद झाला. फाटकावर कागद चिकटवलेला. हजारभर माणसं बाहेर उभी. कुणी ओरडलं नाही, दगड मारला नाही. एक म्हातारा म्हणाला, येबी गा, आणि सगळे घरी गेले. "माझे बाबा घरी आले," नेमान्या बापाचं वाक्य मराठीत आणत होता, "आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाबा तेवढंच म्हणाले. आईने सूप गरम करायला ठेवलं. दुसरा कुठला शब्द म्हणणार होते, असं ते विचारतात."

सरांजवळ 'असो' होता. तो या माणसाच्या हातात फार किरकोळ दिसला असता. त्यांनी ल्युबिशाच्या ताटलीत आणखी चिवडा घातला.

पुढच्या वर्षी प्राचीला मुलगी झाली आणि सर-शीलाताई पहिल्यांदाच विमानात बसून सर्बियाला गेले. बाहेर बर्फ होतं. ल्युबिशाच्या गावच्या घरात बाळ लोकरीत गुंडाळून पाळण्यात निजलं होतं. शेजारच्या बायका येत, पाळण्यावर वाकत, थू-थू करत आणि तोंड वाकडं करून काहीतरी म्हणत. ल्युबिशाने तर नातीकडे पाहून अशी एक लांबलचक शिवी हासडली की सरांना तिच्यातले तीन धातू एकदम ओळखू आले.

"लेकराला असं?" शीलाताई घाबरल्या.

"नजर लागू नये म्हणून," नेमान्या म्हणाला. "चांगलं म्हटलं की वाईट डोळे ऐकतात. म्हणून आम्ही म्हणतो, शी, किती कुरूप."

सर पाळण्याजवळ गेले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. संस्कृतचे गुरुजी आहेत, आता श्लोक म्हणतील. सरांनीही विमानात एक आशीर्वादाचा श्लोक घोळवून ठेवला होता. पण बाळाने जांभई दिली, नाकाचा इवलासा गोळा झाला, आणि सरांना अचानक मुकुटबनचा उकंडा आठवला. मॅट्रिकला त्यांच्या बाकावर होता. त्याच्याआधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने त्याचं नाव उकंडा ठेवलं, म्हणजे उकिरडा. यमाला वाटावं, केर आहे, कशाला उचला. वर्गात सगळे त्याला हसायचे. आणि तो चांगला सत्तर वर्षांचा होऊन, नातवंडांची लग्नं पाहून गेला.

सर वाकले. ल्युबिशासारखंच तोंड वाकडं केलं.

"काय घाण पोट्टी हाय गा ही," ते म्हणाले, स्वच्छ वऱ्हाडीत, "कुठून उचलून आणली कोण जाणे!"

शीलाताईंनी पदराच्या टोकाने डोळ्यातलं काजळ टिपलं आणि बाळाच्या कानामागे तीट लावली. गोर्दानाबाईंनी विचारलं, ते काय म्हणाले? नेमान्याने सांगितलं. म्हातारीने समाधानाने मान हलवली आणि सरांना बसायला पाळण्याजवळची खुर्ची ओढून दिली.